घुबडांच्या मागे चार दिवस : टिळकवाडी, निपाणी, गोकाक, जांबोटी

पहिला दिवस : टिळकवाडी

शिवरात्रीला जोडून रजा टाकली आणि चार दिवस मोकळे मिळाले. बेळगावची माणसं अशा सुट्टीत चोर्ला घाट उतरून गोव्याला पळतात, पण मी आणि दाजींनी यंदा ठरवलं होतं की घुबडं बघायची. घरात सांगितलं तर आई म्हणाली, "शिवरात्रीच्या तोंडावर ही काय अवदसा आठवली रे तुम्हाला?" तिला काय सांगणार, शिवरात्र मुद्दाम धरली होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे रात्री मिट्ट काळोख, आणि मला एवढंच बघायचं होतं की हा पक्षी काळोखात नेमकं करतो काय. 'बघायचं' म्हटलं खरं, पण चार दिवसांत बघण्यापेक्षा ऐकणंच जास्त झालं.

दाजी निपाणीचे, शाळेत सायन्स शिकवतात. दुपारी त्यांची जुनी ओम्नी घेऊन आले, साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि पाचला आम्ही टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात. लांब कुठे जायचं नाही, पहिला दिवस घराजवळच, असं त्यांचंच म्हणणं. तिथं संध्याकाळी वॉकिंगवाल्यांची जत्रा असते, पण झाडं मोठी आणि जुनी आहेत, ढोल्या भरपूर, त्यामुळे पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, हमखास.

पिंगळा शोधायची युक्ती दाजींनी सांगितली ती अशी की पिंगळा शोधायचाच नाही, बुलबुल आणि खारी कुठे बोंबलतायत ते ऐकायचं. दहा मिनिटांत एका झाडावर चार बुलबुल आणि एक खार असा दंगा करत होते की विचारू नका, आणि त्यांच्या मधोमध, ढोलीच्या तोंडाशी, मुठीएवढा पिंगळा, भुवया आवळून, पेन्शन अडकलेल्या कारकुनासारखा. दिवाभीत म्हणतात घुबडाला, पण हा उजेडात आमच्याकडे चांगला टक लावून बघत होता. घुबडाला दिवसा दिसत नाही ही आपली समजूत, त्याला दिवसाही व्यवस्थित दिसतं.

मग त्याने ते सुरू केलं. मान खाली, वर, डावीकडे, परत वर, जसं काही कुणी त्याला सुतानं हलवतंय. शेजारून जाणारी दोन पोरं हसली, "नाचूलाय बघ!" नाच नाही, तो अंतर मोजत होता. आपण डोळे इकडे तिकडे फिरवतो, घुबडाला ते जमत नाही, कारण त्याचा डोळा आपल्यासारखा गोळा नसून नळीसारखा लांबट असतो आणि हाडाच्या कड्यात गच्च बसवलेला. म्हणून जे काय फिरवायचं ते अख्खं डोकं. डोकं वरखाली केलं की जवळची वस्तू जास्त हललेली दिसते, लांबची कमी, त्यावरून ती किती लांब आहे ते कळतं. बसच्या खिडकीतून बघताना जवळचे खांब सपासप जातात आणि डोंगर हलत नाही, तसंच ते.

मानेचंही ऐका. आपल्या मानेत 7 मणके, घुबडाच्या 14, आणि डोकं 270 अंशापर्यंत वळतं. आपण असं केलं तर मेंदूकडे जाणाऱ्या शिरा पिळवटून तिथंच कार्यक्रम आटोपेल. 2013 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी मेलेल्या घुबडांच्या शिरांचे फोटो काढून दाखवलं की मणक्यांतली भोकं त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिनीपेक्षा जवळजवळ दहापट मोठी आहेत, म्हणजे शीर आत सैल राहते, शिवाय डोक्याच्या खाली रक्त साठून राहील अशा फुगीर जागा आहेत. मला मानेचा स्पाँडिलायटिस आहे, त्यामुळे हे ऐकताना जरा जळलीच.

सूर्य बुडाल्यावर दुसरा पिंगळा आला आणि दोघांनी मिळून ते 'चिर्र्र चिवक चिवक चिवक' सुरू केलं. लहानपणी पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा, भविष्य सांगायला, त्याची आठवण झाली. आजी त्याला सूपभर तांदूळ घालायची आणि मला आत ढकलायची. आता तो कुठे दिसत नाही, हे दोघे मात्र डेपोत मजेत आहेत.

दुसरा दिवस : निपाणी

सगळ्यात जास्त लिहायचंय ते ह्या दिवसाबद्दल, म्हणून लांबलं तर सांभाळून घ्या.

सकाळी हायवेने निपाणी, 75 एक किलोमीटर. रस्त्याच्या कडेला एक मेलेलं गव्हाणी घुबड दिसलं, गाडीला धडकलेलं. दाजींनी गाडी स्लो केली, काही बोलले नाहीत. रस्त्याकडेच्या गवतात उंदीर असतात, त्यांच्यावर झेपावताना हे खालून उडतात आणि ट्रकसमोर येतात.

निपाणी म्हणजे तंबाखू. जुन्या वखारी गावभर, त्यातल्या कैक आता बंद. दाजींच्या ओळखीच्या एका मालकांनी किल्ली दिली, "काय न्यायचं ते न्या, घुबड तेवढं नेऊ नका, उंदीर खातंय ते आमचे" असं म्हणाले. हे ऐकून फार बरं वाटलं, कारण निघताना ताई म्हणत होती, "अमावस्येला वखारीत घुबड बघायला जाताय, आणि वर पोराला पण नेताय!" भाचा नऊ वर्षांचा, तो आधीच ओम्नीत जाऊन बसला होता.

वखार म्हणजे लांबच लांब, वर कौलं, लाकडी कैच्या, खिडक्यांच्या काचा फुटलेल्या. तंबाखू उचलून किती वर्षं झाली असतील, पण वास जात नाही, आणि जमिनीवर तो बारीक खकाणा, पाय टाकला की उडतोय. आम्ही भिंतीला टेकून बसलो. सुरुवातीला काहीच नाही. मग वर पोटमाळ्याच्या कोपऱ्यातून कुणीतरी घोरतंय असा आवाज, खर्रर्र, थांबून परत खर्रर्र. पिल्लं! गव्हाणी घुबड घू-घू करत नाही, ते किंचाळतं नाहीतर फिस्कारतं, आणि पिल्लं भूक लागली की असं घोरतात. पोटमाळ्यावर आम्ही चढलो नाही, पिल्लांपाशी माणूस गेला की आईबाप बिथरतात.

मोठं घुबड तिसऱ्या कैचीवर होतं, आमच्याकडे पाठ करून. आणि मला शिंक आली. खकाणा दुसरं काय करणार! नाक दाबलं, तोंड दाबलं, शेवटी फुसकन गेलीच. शरीर जागचं हललं नाही, फक्त डोकं वळलं, पाठीवरून सरळ आमच्याकडे, आणि तो पांढरा चेहरा. उभा कापलेला पेरू कसा दिसतो, तसा. मधे दोन काळे डोळे. दाजी कानात कुजबुजले, "तो चेहरा नाही, तो कान आहे."

म्हणजे असं की चेहऱ्याची ती तबकडी ताठ पिसांची असते आणि आवाज गोळा करून कानांकडे ढकलते, डिश अँटेनासारखी. कान त्या पिसांच्या मागे लपलेले, आणि खरी गंमत म्हणजे दोन्ही सारख्या उंचीवर नाहीत. गव्हाणी घुबडाचा डावा कान जरा वर असून त्याचं तोंड खाली, उजवा जरा खाली आणि त्याचं तोंड वर. त्यामुळे खालून येणारा आवाज डाव्या कानात मोठा, वरून येणारा उजव्या कानात मोठा. डावी-उजवी बाजू कळते ती वेळेवरून, आवाज एका कानात आधी पोचतो, दुसऱ्यात नंतर, आणि हा फरक इतका बारीक की सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले काही भाग. वेळेतला फरक सांगतो 'किती डावीकडे' आणि आवाजातला मोठा-बारीक फरक सांगतो 'किती खाली'. दोन्ही जुळलं की उंदराची जागा ठरली.

भाच्याला हे पटेना. मग रात्री घरी लाइट गेली (कधी नव्हे ते योग्य वेळी गेली) तेव्हा त्याला मधे बसवून डोळे मिटायला लावले आणि मी किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरलो. डावीकडे, उजवीकडे, दहाला दहा बरोबर. मग त्याला दोन्ही कानांच्या पाळ्या हातांनी दुमडून धरायला सांगितल्या आणि बरोबर नाकासमोर, एकदा डोक्याच्या वर आणि एकदा गुडघ्यापाशी जुडगा वाजवला. सहापैकी चार चुकला. आपल्याला वर-खाली कळतं ते कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे, त्या दुमडल्या की गेलं. घुबडाला पाळी नाहीच, त्यानं कान वरखाली बसवून काम भागवलं. मग ताईनेही करून बघितलं, मग शेजारच्या काकू आल्या, लाइट येईपर्यंत अर्धी गल्ली कान दुमडून बसली होती.

गव्हाणी घुबड काळोखात फक्त कानांवर शिकार करतं हे कुणी सिद्ध केलं तर रॉजर पेन नावाच्या अमेरिकन माणसाने, हाच तो ज्याने पुढे हंपबॅक देवमाशांची गाणी जगाला ऐकवली. त्याने पूर्ण काळोख्या खोलीत जमिनीवर वाळकी पानं पसरली, घुबड सोडलं, उंदीर सोडला, घुबडाने बरोबर उचलला. आता कुणी म्हणेल वासाने कळलं असेल, उंदराच्या अंगाच्या उष्णतेने कळलं असेल. म्हणून त्याने उंदराएवढा कागदाचा बोळा दोऱ्याने पानांतून ओढला. घुबड बोळ्यावर! हे संशोधन 1971 मध्ये छापून आलं. 1978 मध्ये एरिक नुडसेन आणि मूळचे जपानचे मासाकाझू कोनिशी यांना घुबडाच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या की एकेक पेशी एकेका दिशेच्या आवाजालाच पेटते, म्हणजे डोक्यात ऐकलेल्या जागेचा नकाशाच. दाजी हे सांगताना असे रंगले होते की चहा गार झाला.

पण वखारीतलं राहिलंच. साडेसहानंतर ते मोठं घुबड फुटक्या खिडकीकडे निघालं, माझ्या डोक्यावरून, फार तर दोन हातांवरून. पंखाचा वारा मानेला लागला आणि आवाज शून्य. कबूतर उडालं तर केवढी फडफड होते, आणि हे त्याच्यापेक्षा मोठं दिसणारं धूड रुमाल हवेत सोडल्यासारखं गेलं. खाली एक पीस पडलं होतं, दाजींनी खिशातलं भिंग काढलं. पिसाच्या पुढच्या कडेला बारीक दाते, अगदी उवांच्या फणीसारखे, मागच्या कडेला झालर, आणि वरून बोट फिरवलं तर मखमल. दाते येणारी हवा विंचरतात, झालर जाणाऱ्या हवेची धार मोडते, मखमल पिसावर पीस घासल्याचा आवाज गिळते. ह्याचा फायदा दुहेरी, उंदराला घुबड ऐकू येत नाही आणि घुबडाला स्वतःच्या पंखांच्या आवाजात उंदीर हरवत नाही. पीस भाच्याने खिशात घातलं होतं, ते काढून परत जागेवर ठेवायला लावलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं गुन्हा आहे, आणि पोराला सवय आत्ताच लागलेली बरी.

एक गोष्ट मात्र आम्ही उचलून आणली, घुबडाने ओकलेला गोळा. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडं यांचा गोळा करून तोंडाने बाहेर टाकतं. दाजींनी तो कोमट पाण्यात भिजत घातला. वाटीत. ताईच्या वाटीत. "अगं बया! माझ्या वाटीत घुबडाची ओकारी?" तो प्रसंग इथंच सोडतो. दाताच्या काडीने सोडवल्यावर चार कवट्या निघाल्या. तीन उंदरांच्या, पुढचे दात नारिंगी आणि मग दाढांपर्यंत मोकळी जागा, आणि एक लांबट, दातांत फट नसलेली, ती चिचुंद्री. एका गोळ्यात चार जीव. आसपास ऊसतोड चालू होती, फडातले उंदीर उघड्यावर आलेले, वखारीतल्या कुटुंबाची दिवाळी होती म्हणायची.

तिसरा दिवस : गोकाक

हा दिवस थोडक्यात आटपतो, कारण निम्मा दिवस उसाच्या ट्रॅक्टरांमागे गेला. संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा असा रस्ता, प्रत्येक ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पीकर. तिथंच दाजींनी सांगितलं की अमेरिकेत सॉ-व्हेट नावाच्या छोट्या घुबडांना नैसर्गिक वायूच्या कॉम्प्रेसर स्टेशनचा, म्हणजे वायू पाइपातून ढकलणाऱ्या यंत्रांचा, आवाज ऐकवून शिकार करायला लावलं, तर आवाज वाढेल तसं त्यांचं चुकणं वाढत गेलं. समोरच्या ट्रॅक्टरवर जे गाणं चाललं होतं त्यात मला माझा स्वतःचा विचार ऐकू येत नव्हता, घुबडाचं काय घेऊन बसलात.

गोकाकचा धबधबा फेब्रुवारीत म्हणजे 52 मीटर उंच ओला दगड. करदंट (इथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घेतला, झुलता पूल बघितला आणि उन्हं उतरल्यावर घटप्रभेच्या कड्यांच्या समोर, लांब एका बाजूला जाऊन बसलो. मेंढरं घेऊन चाललेल्या एका आजोबांनी विचारलं, "गूबी नोडाक बंदीरेन?" घुबड बघायला आलात का म्हणे. आम्ही हो म्हटलं, त्यांनी काठीने समोरचा कडा दाखवला आणि न हसता पुढे गेले.

अंधारून आलं तसा कड्यातून आवाज आला, 'बूऽ-हूऽ', खोल, रिकाम्या रांजणात कुणीतरी बोलल्यासारखा. शृंगी घुबड. नुसती आकृती दिसली, दगडाच्या टोकावर, डोक्यावर दोन शिंगं. ती शिंगं म्हणजे नुसती पिसं, कानांशी काही संबंध नाही, पण आपल्याकडे सगळ्यांना तेच कान वाटतात, मलाही परवापर्यंत वाटायचे. आता एक कबुली. मी मोबाइलवर शृंगी घुबडाचा आवाज डाउनलोड करून नेला होता, तो लावला. उत्तर येईल असं वाटलं. समोरचा आवाज बंद पडला तो पडलाच. एक तास बसलो. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत परका नर ओरडतोय असं त्याला वाटणार, बिचारं सगळं सोडून त्याच चिंतेत. दाजींनी काही सुनावलं नाही, फक्त परतीच्या वाटेवर करदंटाचा डबा माझ्याकडे आला नाही.

चौथा दिवस : जांबोटी, हब्बनहट्टी

मामांचं गाव जांबोटीजवळ. भीमगड अभयारण्यात रात्री जाता येत नाही आणि जाऊही नये, म्हणून बाहेरच, मलप्रभेच्या काठाला. कणकुंबीत उगम पावलेली नदी इथपर्यंत येते ती अजून लहान पोरीसारखी असते, फेब्रुवारीत तर खडक, मधे मधे डोह आणि त्यात पाणी. हब्बनहट्टीला नदीतच मारुतीचं स्वयंभू देऊळ आहे, तिथं नमस्कार केला आणि बऱ्याच वर एका डोहापाशी गेलो.

बरोबर गावातले आण्णा, सत्तरी उलटलेले, हातात कोयता. "अस्वल हाय हिकडं, एकटे बसू नका." आण्णांना ऐकू कमी येतं. मी त्यांना ओरडून सांगितलं की जर्मनीत ओल्डनबुर्ग विद्यापीठाच्या लोकांनी 2017 मध्ये दाखवलंय, गव्हाणी घुबड म्हातारं झालं तरी त्याचे कान म्हातारे होत नाहीत, कानातल्या पेशी मेल्या तर नव्या येतात, आपल्या येत नाहीत. आण्णा म्हणाले, "मग मला पुढच्या जल्माला घुबड करायला सांग की देवाला."

साडेसहाला सूर्य गेला. मी कान लावून बसलो, दोन दिवसांत सवय झाली होती, प्रत्येक पान वाजलं की मान तिकडे. आवाज कुठलाच नाही. आणि आण्णांनी माझा दंड दाबला. त्यांना आधी दिसलं. डोहाच्या पलीकडच्या आडव्या फांदीवर मत्स्य घुबड, तपकिरी, मोठं, पिवळे डोळे, पाय गुडघ्यापासून खाली उघडे. आधी दोन रात्री बघितलेल्यांच्या पायांना पिसांची विजार होती, ह्याचे पाय मासे धरायचे, पिसं असती तर भिजून जड झाली असती.

मग ते उडालं आणि मी दचकलो, कारण ऐकू आलं! फप फप फप, स्वच्छ. निपाणीचं भूत गेलं होतं तसं नाही, चांगला चादर झटकल्यासारखा आवाज. दाजी हळूच हसले. पाण्यातल्या माशाला वरचे पंख कुठे ऐकू येणार, मग त्या फणीसारख्या दात्यांची गरज काय? ह्या घुबडांच्या पिसांना ते दाते नसतातच. चेहऱ्याची तबकडीही नावाला. हे डोळ्यांनी शिकार करतं, पाण्यावर उठलेली रेघ बघून. मी तीन दिवस लोकांना 'घुबड म्हणजे कान' सांगत होतो ते गुंडाळून ठेवावं लागलं. तसे पिंगळ्याचे कानही वरखाली नसतात, जवळपास एकसारखेच.

ते उथळ पाण्यात उतरलं, चक्क दोन पावलं चाललं, आणि पायात खेकडा घेऊन समोरच्या खडकावर आलं. दुर्बिणीतून दिसत होतं, खेकड्याची नांगी हलतेय. घुबडाने खेकडा चोचीपाशी आणला आणि डोळे मिटले. मला वाटलं चव घेतंय. पण ह्यांना लांबचं झकास दिसतं, चोचीजवळचं दिसत नाही, चाळिशी लागलेल्या माणसासारखं. चोचीभोवती मिशांसारखी राठ पिसं असतात, त्यांनी ते चाचपतं. डोळे मिटून, डोकं थोडं हलवत, नांगी कुठे, पाठ कुठे, सगळं चाचपून झालं आणि मग कडकन आवाज आला. तेवढा आवाज आण्णांनाही ऐकू आला.

मामींनी नाचणीची भाकरी आणि मासे केले होते. "दिसलं काय?" एवढंच विचारलं, बाकी चौकशी नाही. त्यांचं म्हणणं, घुबडाला दगड मारू नये, मारला तर ते तो दगड नेऊन ओढ्यात टाकतं आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो. मी म्हटलं मारला नाही मामी, उलट त्याचं जेवण बघून आलो. "बघू पण नये," मामी.

रात्री अंगणाकडच्या खोलीत अंथरूण टाकलं. अकराच्या सुमाराला डोहाकडून आवाज आला, 'बूम... बूम-बू', अगदी हळू, छातीत वाजावा तसा. मामी उठल्या, देवाचं नाव घेत आल्या आणि खिडकी लावून घेऊन गेल्या. त्यांच्या खोलीचं दार वाजलं तसे दाजी अंधारात उठले आणि खिडकी परत चार बोटं उघडली.